दुर्गाबाई खोटे बघायच्या तर ‘बॉबी’पासून मागे चालत जा

दुर्गा खोटे यांचे सिनेमे बघायचेत, सुरुवात कुठून करू, असं गेल्या वर्षभरात मला तिघाचौघांनी विचारलं. त्यातली एक आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडची कॉलेजात शिकणारी मुलगी. पहिल्या सिनेमापासून धरावं आणि सालावार खाली यावं, असा तिचा बेत होता. मी तिला म्हटलं, बाय, तसं करू नकोस. उलटी जा.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. आम्ही पाचसहा जण गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुना सिनेमा लावतो. दुर्गाबाईंची मालिका करायची ठरली तेव्हा १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ने आरंभ केला. पंचवीसेक माणसं आली होती. मध्यंतरात चहा झाला आणि त्यानंतर अकरा उरली. आवाज खरखरत होता, टीव्हीनं चित्र आडवं ताणलं होतं, संवाद नाटकाच्या ठेक्यातले. समोरच्या बाईशी काही नातं जुळायच्या आतच लोक कंटाळले. पुढच्या महिन्यात सहा जण आले. मला ते फार लागलं. जिच्या घराण्याचं मूळ आपल्या गोव्याचं, जिच्या माहेरी कोकणी बोलली जायची, तिचे सिनेमे गोव्यातच अर्धवट सोडून लोक उठले.

पुढच्या वर्षी आम्ही तीच मालिका उलट्या क्रमानं लावली आणि माणसं टिकली. म्हणून हा लेख. घरी एकट्यानं बघणाऱ्याला आणि चार माणसं जमवून दाखवणाऱ्याला, दोघांनाही उपयोगी पडेल असा प्रयत्न आहे.

आधी एवढी ओळख असू द्या

जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईत. माहेरचं आडनाव लाड, पाळण्यातलं नाव विटा. घर वकिलाचं, सुशिक्षित, मोठ्या गोतावळ्याचं. शिक्षण इंग्रजी शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्समध्ये. लग्न होऊन खोट्यांच्या घरात गेल्या तेव्हा तिथंही श्रीमंती होती, ती ओसरली. पदरात दोन लहान मुलगे, आणि कमावणं भाग पडलं. १९३१ साली ‘फरेबी जाल’ नावाच्या सिनेमात छोटंसं काम केलं आणि त्यापायी घराण्याला नावं ठेवून घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी ‘अयोध्येचा राजा’त त्यांना तारामती केलं. तिथून १९८०च्या ‘कर्ज’पर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं ही बाई पडद्यावर होती. १९६८ साली पद्मश्री, १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

‘घरंदाज घरातली पहिली बाई सिनेमात आली’ असं त्यांच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं. ते जपून म्हणावं. आपल्या गोव्याच्या माणसानं तर नक्कीच. गाण्याबजावण्याच्या परंपरेतल्या कितीतरी बायका त्यांच्याआधी रंगमंचावर आणि पडद्यावर उभ्या राहिल्या होत्या. लोक त्यांची कला ऐकत होते आणि त्यांना मान देत नव्हते. दुर्गाबाईंच्या येण्यानं सिनेमाच्या धंद्याकडे बघायची मध्यमवर्गाची नजर बदलली, हे खरं. पण वाट आधीच्या बायकांनी तुडवलेली होती.

टीव्ही नीट लावा

हे सांगायची गरज नाही असं वाटेल. पण आमची पहिली संध्याकाळ इथेच फसली. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते. आजचा टीव्ही लांबट. तो आपणहून चित्र ओढून कडेपर्यंत भरतो, मग माणसं बुटकी दिसतात, चेहरे पसरट होतात. दुर्गाबाईंचं सगळं बळ उंच मानेत आणि सरळ पाठीत आहे, आणि नेमकं तेच मारलं जातं. रिमोटवर चित्राचा आकार ‘४:३’ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या.

आवाजाचं तसंच. टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये आवाज चहूबाजूंनी घुमवायची सोय असते, ती बंद करा. ट्रेबल कमी करा म्हणजे खरखर दबते. स्पीकर पडद्याच्या जवळ, मधोमध ठेवा. आम्ही दोन स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले होते आणि मागच्या रांगेला एकही शब्द कळत नव्हता.

यूट्यूबवर एकेका सिनेमाच्या चार-चार प्रती सापडतात. काही कापलेल्या असतात, काही मागाहून रंगवलेल्या. लांबी तपासा, सुरुवातीची दहा मिनिटं आणि मधली दहा मिनिटं आदल्या दिवशी बघून घ्या. पावसाळ्यात लावणार असाल तर वीज आणि इंटरनेट यांच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे जुलैत हे दोन्ही एकदमच जातात.

‘बॉबी’

आता पहिला सिनेमा. राज कपूर यांचा १९७३ सालचा ‘बॉबी’ गोव्यात बहुतेकांनी बघितलेला असतो. कथेचा एक तुकडा आपल्याकडे घडतो, आणि त्यातल्या एका गाण्यातला ‘घे घे घे रे सायबा’ हा तुकडा थेट आपल्या देखणी या लोकगीताच्या प्रकारातला आहे. लोक येतात ते त्या आठवणीनं. तुम्ही मात्र या खेपेला मिसेस ब्रगांझावर नजर ठेवा.

दुर्गाबाई तेव्हा ६८ वर्षांच्या. श्रीमंत घरात मुलाला लहानाचं मोठं करणारी ही बाई त्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीला येते. दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला, तिची दखल कुणी घेत नाही. आणलेली भेट ठेवून ती निघून जाते. हा प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा गोष्ट कळण्यासाठी. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून, फक्त तिची मान आणि खांदे बघण्यासाठी. अपमान झालेली बाई दाखवताना नट साधारणपणे खांदे पाडतो. इथं ते पडत नाहीत. आपण कुठे येऊन उभ्या राहिलो हे त्या बाईला कळलेलं असतं, आणि तरीही ती ताठ असते. ही ताठ मान लक्षात ठेवा, कारण ‘अयोध्येचा राजा’पर्यंत आपल्याला तिचाच माग काढायचाय.

आणखी एक गोष्ट मला इथं फार मोलाची वाटते. गोव्याच्या हिंदू, कोकणी बोलणाऱ्या घरातली मुलगी म्हातारपणी गोव्याच्या ख्रिस्ती आजीची भूमिका करते आणि ती उसनी वाटत नाही. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आमच्या शेजारची मावशी अश्शीच दारात उभी राहायची." त्यांना दुर्गाबाईंचं मूळ घराणं कुठलं ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्पच झाल्या.

सत्तरच्या दशकातल्या आया आणि मावश्या

इथं फार रेंगाळू नका. ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘बिदाई’, ‘कर्ज’ यांतले दोन निवडा. ‘अभिमान’मध्ये त्या नायकाची मावशी आहेत, ‘बावर्ची’त एकत्र कुटुंबातली थोरली सून. ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. माझं मत विचाराल तर मी ‘बावर्ची’ घेईन, कारण तिथं भूमिका घरातल्या दहा माणसांत वाटलेली आहे, आणि दुसरा बोलत असताना दुर्गाबाई काय करतात ते बघायला मिळतं. त्या ऐकतात. खरोखर ऐकतात. आपली पाळी यायची वाट बघत उभ्या नसतात.

‘मुगल-ए-आझम’ला एक अख्खी संध्याकाळ द्या

सव्वातीन तासांचा सिनेमा आहे, ५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झालेला. २००४ साली तो पूर्ण रंगवून पुन्हा लावला गेला. नवख्या माणसानं मूळचाच बघावा: बहुतांश काळापांढरा, मोजका भाग रंगीत. रंगवलेल्या प्रतीत शिशमहाल आणि दागिने डोळे खेचून घेतात, चेहरे मागे पडतात, आणि दुर्गाबाईंच्या जोधाबाईचं सगळं काम चेहऱ्यात आहे.

तिची अडचण सरळ आहे. नवरा बादशहा, मुलगा बंडखोर, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर. दोघांच्या मधे ती. मुलाविरुद्ध लढाईला निघालेला अकबर तिच्या हातून तलवार मागतो, तो प्रसंग आला की थांबवून पुन्हा लावा. समोर पृथ्वीराज कपूर. त्यांचा आवाज दालन भरून टाकणारा, पावलं जड. त्या आवाजापुढं ओरडून निभाव लागत नाही हे दुर्गाबाईंना ठाऊक आहे. त्या आवाज चढवत नाहीत. डोळ्यांत पाणी येतं, पण मान खाली जात नाही. राणी आणि आई एकाच देहात भांडत असतात आणि आपल्याला दोघीही दिसतात.

आता एक जोड लक्षात घ्या. याच पृथ्वीराजांबरोबर दुर्गाबाईंनी १९३४ साली देवकी बोस यांच्या ‘सीता’मध्ये काम केलं होतं. ते राम, या सीता. तो सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता. राम-सीता ते अकबर-जोधा, मधे २६ वर्षं. पुढे पृथ्वीराजांच्या मुलानं त्यांना ‘बॉबी’त घेतलं, आणि नातू ऋषी त्यांच्यापुढे नायक म्हणून उभा राहिला. एका घरातल्या तीन पिढ्यांबरोबर त्या कामं करत आल्या. हे मी सिनेमा लावण्याआधी सांगतो. मग लोक दोघांना जुन्या जोडप्यासारखं बघतात आणि तो तलवारीचा प्रसंग जास्त बोचतो.

चाळीसचं दशक: सीता कैकेयी होते

इथून पुढे वाट थोडी चढाची आहे, पण तोवर तुमचे डोळे आणि कान तयार झालेले असतात. १९४२ साली विजय भट्ट यांनी ‘भरत मिलाप’ केला. मराठीत तो ‘भरतभेट’. आठ वर्षांपूर्वीची सीता इथं कैकेयी झाली. आजच्या नटीला विचारून बघा, पडद्यावर सीता म्हणून स्थिरावल्यावर ती कैकेयी करेल का. बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेनं त्यांना याच काळात दोनदा उत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं: एकदा अत्र्यांच्या ‘पायाची दासी’च्या हिंदी आवृत्तीसाठी, ‘चरणों की दासी’साठी, आणि एकदा ‘भरत मिलाप’साठी. ‘पायाची दासी’त त्या सुनेला छळणारी सासू होत्या. दोन्ही वेळा पारितोषिक मिळालं ते नावडत्या बाईच्या भूमिकेला.

या दशकातला एकच बघायचा तर सोहराब मोदी यांचा १९४३चा ‘पृथ्वी वल्लभ’ बघा. कैदेत पडलेला राजा मुंज आणि त्याचा कणा मोडायला निघालेली मृणालवती, म्हणजे दुर्गाबाई. दोघंही मोठ्या आवाजाचे, मोठ्या हावभावांचे. संवाद म्हणजे नुसती तलवारबाजी. आज हे कुणाला भडक वाटेल. मला ते तसंच आवडतं. मृणालवतीचा हट्ट ढासळत जातो तो शब्दांतून नाही, श्वासातून. आधी ती वाक्य एका दमात टाकते, नंतर मधेच थांबायला लागते. कान देऊन ऐका.

‘अमर ज्योती’ आणि ‘माया मच्छिंद्र’

दोन्ही प्रभात फिल्म कंपनीचे, दोन्ही शांतारामांचे. १९३६च्या ‘अमर ज्योती’त दुर्गाबाई सौदामिनी आहेत: समुद्रावरच्या चाच्यांची म्होरकी. कायदा तिच्या मुलावरचा तिचा हक्क नाकारतो आणि ती त्या राज्याविरुद्धच उभी राहते. ही गोष्ट नव्वद वर्षांपूर्वी पडद्यावर आली होती हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे तरुण पोरांना सगळ्यांत जास्त आवडला तो हाच सिनेमा.

१९३२च्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी किलोतला आहेत आणि पायाशी चित्ता असतो. गोष्ट थोडी संथ आहे. वेळ कमी असेल तर राणीच्या दरबाराची दृश्यं तेवढी बघा.

याच वर्षांत दुर्गाबाईंनी आणखी एक धाडस केलं, जे पडद्यावर दिसत नाही. त्या काळी नट-नट्या एका कंपनीच्या पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाई प्रभातमध्ये काम करत होत्या, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्येही आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीतही. असं मोकळं राहून काम करणाऱ्या पहिल्या काहींत त्या होत्या. पुढे ‘साथी’ हा सिनेमा स्वतः काढला. उतारवयात स्वतःची निर्मितीसंस्था उभी केली आणि तिनंच दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ बनवली.

आता ‘अयोध्येचा राजा’

आता तुम्ही तयार आहात. तरी चार गोष्टी माहीत असल्या तर सिनेमा दुप्पट खुलतो.

तो ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत लागला. मराठीतला पहिला बोलपट. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्याला नंतर गेली. हिंदीतही तोच सिनेमा निघाला, ‘अयोध्या का राजा’, म्हणजे एकेक प्रसंग दोन भाषांत दोनदा करायचा. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं. जो पडद्यावर गातो तोच गातो, कॅमेरा चालू असताना, माइकच्या पल्ल्यात राहून. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, आणि संगीतही त्यांचंच. ते मुरलेले. दुर्गाबाई संगीत नाटकातून आलेल्या नव्हत्या. तारामती बाळाला निजवताना गाते, तेव्हा सुरात कसरत नाही, हरकती नाहीत. मुलांना निजवत आलेल्या बाईचा साधा गळा आहे. माझ्या आईला तो सूर फार आवडला. तिनं डोळे मिटून ऐकलं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामती करायला बाई मिळाली नाही. अण्णा साळुंके या पुरुषानं लुगडं नेसून ती भूमिका केली. तीच गोष्ट, तीच राणी. एकोणीस वर्षांनी तिथं २७ वर्षांची, कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई उभी होती. फाळक्यांच्या सिनेमाचा उरलेला तुकडा काही मिनिटांचाच आहे. आधी तो दाखवा, मग लगेच ‘अयोध्येचा राजा’ सुरू करा. आम्ही दुसऱ्या खेपेला असंच केलं. सिनेमा अडीच तासांच्या आसपास आहे, पण त्या संध्याकाळी मध्यंतरात कुणी चप्पल शोधली नाही.

बघताना घाई करू नका. काशीच्या बाजारात राणी विकली जाते त्या प्रसंगात तिच्या हातांकडे बघा. मुलाला धरलेले हात आहेत ते.

पुस्तक आणि नाटक

सिनेमे बघून झाल्यावर त्यांचं आत्मचरित्र ‘मी, दुर्गा खोटे’ वाचा, आधी नको. आधी वाचलं तर प्रत्येक भूमिकेत त्यांचं दुःख शोधत बसाल. पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. मडगावकरांनी गोमंत विद्या निकेतनमध्ये. नाटकातलं त्यांचं काम मात्र आपल्या हाती लागत नाही, ‘राजमुकुट’मध्ये नानासाहेब फाटकांसमोर उभी राहिलेली त्यांची राणी ज्यांनी बघितली त्यांच्याकडूनच ऐकायची. घरात कुणी नव्वदीच्या पुढचं, तरुणपणी मुंबईत राहिलेलं माणूस असेल तर आजच विचारा.

चार माणसांत दाखवणार असाल तर

घरी बघणं वेगळं, सभागृहात दाखवणं वेगळं. आपल्या कायद्याप्रमाणे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे तिसाव्या-चाळिसाव्या दशकातल्या सिनेमांचा तो केव्हाच संपला. लेखक आणि संगीतकारांचे हक्क मात्र वेगळे मोजतात, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ते तपासून घ्या. ‘बॉबी’वरचा हक्क अजून चालू आहे. त्यासाठी हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्या, किंवा तो आपापल्या घरी बघून या असं सांगून मालिका पुढे न्या. चांगली प्रत हवी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला दोन-तीन महिने आधी लिहा. आणि नोव्हेंबरात पणजीला ‘इफ्फी’ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा जुन्या, दुरुस्त केलेल्या सिनेमांचा विभाग आधी चाळा. मोठ्या पडद्यावर दुर्गाबाई दिसायची संधी आली तर कामावर रजा टाका.

‘अयोध्येचा राजा’ संपल्यावर लगेच दिवे लावू नका. ‘बॉबी’ची डीव्हीडी कुणाच्या घरी असेल तर तिथंच, निवांत, वाढदिवसाचा तो प्रसंग परत लावून बघा. आम्ही एकांच्या पडवीत बसून बघितला, रात्रीचे साडेदहा झाले होते. ती कॉलेजातली मुलगी जमिनीवर बसली होती. मिसेस ब्रगांझा भेट ठेवून वळल्या, तशी ती म्हणाली, "काका, ही तारामतीच चाललीय."